मूल घोरतं, मध्येच श्वास अडकतो: रात्रीचा पहारा आणि पुढचा इलाज

गोव्यातल्या डिचोलीच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेचार वर्षांचा, वजन 15 किलो. सहा-सात महिने रोज रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो. मध्येच आवाज बंद होतो आणि मग धसका घेतल्यासारखा श्वास सुटतो. आई-वडील आळीपाळीने जागतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकामागची एडेनॉइडची गाठ आणि टॉन्सिल दोन्ही काढायला सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं, मोठा झाला की आपोआप जाईल. ऑपरेशन करायचं की थांबायचं? मशीन लागेल का? आणि तोवर रात्री काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुम्ही दोघं जागून जागून थकलेले दिसता. अडथळ्याने श्वास थांबतो तेव्हा मुलाची छाती आणि पोट जोर लावतच असतं, फक्त घशातून हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो. घशाचे सैल पडलेले स्नायू ताठ होतात, वाट उघडते. तुम्हाला ऐकू येतो तो धसक्याचा श्वास म्हणजे हीच वाट उघडल्याची खूण. तुम्ही हलवलं नाही तरी तो येतो. खरं नुकसान होतं ते ही अर्धी जाग रात्रीतून कितीतरी वेळा आल्यामुळे, आणि ते तुमच्या जागण्याने थांबत नाही. म्हणून रोजचा पहारा सोडा आणि तीन रात्री नीट नोंद करा. डॉक्टरांना उपयोग नोंदीचा होतो.

मात्र ही जाग येण्याची क्षमता बोथट होईल असं काही देऊ नका. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी सिरपं, प्रवासात झोपावं म्हणून दिलेलं ॲलर्जीचं औषध, हे या मुलांसाठी बंद.

नोंद कशी करायची

पहिली वेळ झोप लागल्यावर तासाभराने, दहा मिनिटं. दुसरी पहाटे चार ते पाचच्या दरम्यान, पंधरा मिनिटं. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात आणि मुलांचा श्वास बहुतेक तेव्हाच अडकतो. रात्री दहाला बघून ‘आज बरा आहे’ म्हणून निजलेले पालक नेमकं हेच चुकवतात. गजर लावा, पाहा, पुन्हा झोपा. सर्दी-ताप असताना केलेली नोंद धरू नका. तेव्हा कुठलंही मूल घोरतं.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ घ्या. सदरा वर करा, म्हणजे चेहरा, गळा, छाती आणि पोट एकाच चौकटीत येईल. मंद दिवा लावा. पंखा शक्य असेल तर तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर आवाजात फक्त पंखाच येतो. मग हे पाहा:

- श्वास आत घेताना गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का
- पोट फुगतं तेव्हा छाती उलट आत जाते का. तीन वर्षांखालच्या बाळात स्वप्नांच्या झोपेत हे थोडं दिसू शकतं, साडेचार वर्षांच्या मुलात दिसायला नको
- आवाज बंद असताना छाती-पोट हलत राहतं की सगळंच निश्चल होतं

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. हालचाल चालू आणि हवा बंद म्हणजे वाटेत अडथळा. सगळंच निश्चल असेल आणि तसं वारंवार होत असेल, तर मेंदूकडून येणारा इशारा कमी पडतोय का हे तपासावं लागतं, आणि त्याला टॉन्सिल काढणं हा इलाज नाही. सुस्कारा टाकल्यावर येणारा एखादा छोटा विराम मात्र कुठल्याही मुलात दिसतो.

थांबलेला काळ सेकंदांत मोजायच्या मागे फार लागू नका. मोठ्या माणसात 10 सेकंदांची अट असते, मुलात दोन श्वासांइतका खंडसुद्धा मोजणीत धरतात. काही मुलांत तर खंड पडतच नाही, रात्रभर एकसारखं जोर लावून घोरणं चालतं आणि त्यातही कार्बन डायऑक्साइड साठतो. ‘थांबत नाही ना, मग ठीक’ हा समज त्यामुळे चुकीचा.

कागदावर एवढंच लिहा: आठवड्यातून किती रात्री घोरतो, मान मागे टाकून झोपतो का, डोकं-मान घामाने भिजते का, अंथरूण ओलं होतं का (आधी बंद झालेलं पुन्हा सुरू झालं असेल तर ते नक्की), सकाळी डोकं दुखतं का, जेवायला वेळ लावतो का, वजन-उंची कशी वाढतेय. दिवसाचं वागणंही लिहा. झोप अपुरी पडलेला मोठा माणूस पेंगतो, या वयाचं मूल उलट उधळतं, चिडतं, एका जागी बसत नाही. बालवाडीतून ‘फार दंगा करतो’ अशी तक्रार येत असेल, तर तीही या कागदावर यायला हवी.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लोक हल्ली घरी ठेवतात. मोठ्यांचा चिमटा साडेचार वर्षांच्या बोटावर नीट बसत नाही, हात हलला की आकडा खोटा पडतो आणि रात्री दोन वाजता 84 बघून घरात रडारड होते. आकड्याबरोबर नाडीची पट्टी एकसारखी उड्या मारत नसेल तर तो आकडा सोडून द्या. आणि दिवसा जागेपणी 98 आला म्हणून रात्रीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

वाट न पाहता निघायचं केव्हा

ओठ किंवा जीभ निळसर-करडी पडली, जागेपणीही श्वास घेताना घर्रघर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, बरगड्या आत जाताहेत, लाळ गिळता येत नाही, शांत असतानाही मिनिटाला 40 पेक्षा जास्त श्वास (पूर्ण 60 सेकंद मोजा), किंवा मूल सुस्त आहे आणि हाकेला नीट प्रतिसाद देत नाही, तर 108. घशात बोट किंवा चमचा घालून बघू नका, आडवं झोपवू नका, कडेवर बसतं ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं कुठवर खरं

अर्धं खरं आहे, म्हणून ते झटकून टाकू नका. नाकामागची गाठ आणि टॉन्सिल साधारण दोन ते आठ या वयात जागेच्या मानाने सर्वांत मोठे असतात, पुढे चेहरा वाढतो आणि गाठी आकसतात. 2013 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 5 ते 9 वर्षांच्या मुलांचे दोन गट केले होते: एकाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याचं नुसतं निरीक्षण. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपतपासणी सुधारून नॉर्मल आली, नुसत्या निरीक्षणातल्या 46 टक्के मुलांचीही आली. म्हणजे जवळजवळ निम्मी मुलं न कापता सुधारली. पण अतितीव्र त्रासाची मुलं त्या चाचणीत घेतलीच नव्हती. शिवाय वागणूक, दिवसाची तरतरी, घरच्यांना जाणवणारा त्रास यांत ऑपरेशनचा गट स्पष्टपणे पुढे होता.

त्यामुळे त्रास किती तीव्र आहे हे आधी कळायला हवं. टॉन्सिल केवढे दिसतात यावरून ते कळत नाही. एकमेकांना टेकलेले टॉन्सिल असून शांत झोपणारी मुलं असतात, आणि मध्यम टॉन्सिल असून रात्रभर झगडणारीही. नाकामागच्या गाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे जागा किती उरली ते सांगतो, झोपेत काय होतं ते नाही.

ते सांगते झोपतपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा म्हणजे एएचआय. मुलांत 1 पर्यंत ठीक, 1 ते 5 सौम्य, 5 ते 10 मध्यम, 10 च्या वर तीव्र. रिपोर्टवर मोठ्यांची पट्टी छापलेली असेल तर 4 हा आकडा ‘नॉर्मल’ दिसेल. रिपोर्ट मुलांच्या मोजमापाने वाचलाय ना, हे विचाराच. तपासणीच्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. त्याची नेहमीची उशी-चादर न्या, शेजारी तुमच्यापैकी एकाने झोपा.

प्रत्येक मुलाला ऑपरेशनआधी ही तपासणी लागतेच असं नाही. दोन वर्षांखालचं मूल, लठ्ठ मूल, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची किंवा स्नायूंची जन्मजात अडचण, किंवा लक्षणं एक सांगतात आणि टॉन्सिल दुसरंच सांगतात, तिथे ती करायलाच हवी. डाउन सिंड्रोमच्या मुलांची तर लक्षणं नसली तरी चार वर्षांच्या आत करावी. तुमच्या मुलाच्या बाबतीत, व्हिडिओत बरगड्या स्पष्ट आत जाताना दिसल्या, वजन अडलंय आणि दोन्ही गाठी मोठ्या आहेत असं असेल, तर तपासणीसाठी महिनोन्महिने ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही. उलट घोरणं आहे पण छाती आत जात नाही, दिवसा मूल छान आहे, अशा वेळी तीन महिने औषधाने बघायला काहीच हरकत नाही.

नाक आणि घर

थांबायचं म्हणजे नुसतं थांबायचं नाही. नाकात स्टिरॉइडचा फवारा रोज, निदान सहा आठवडे, सहसा बारा. या वयात साधारण प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा एक फवारा असतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून बाटली फडताळात जाते, ही नेहमीची चूक. दुसरी चूक पद्धतीची. आधी सलाइनच्या (मिठाच्या निर्जंतुक पाण्याच्या) थेंबांनी नाक मोकळं करा, दहा मिनिटं जाऊ द्या. बाटली हलवा, नवी असेल तर धुकं येईपर्यंत हवेत दाबा. मुलाचं डोकं किंचित खाली. टोक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळवा. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की तिथे खपली धरते आणि रक्त येतं. दाबताना हळू श्वास. जोरात ओढलं तर औषध घशात जातं, मुलगा ‘कडू’ म्हणून तोंड वाकडं करतो.

फवाऱ्याच्या जोडीने मॉन्टेलुकास्ट हे ॲलर्जीचं औषध दिलं असेल तर पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं, चिडकेपणा, रडवेपणा यांवर लक्ष ठेवा. 2020 पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर मानसिक दुष्परिणामांची ठळक चेतावणी लावलीय. असं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

नाकात खोबरेल घालायची आपल्याकडची पद्धत कृपया बंद करा. तेल खोकल्याची उबळ न आणता गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज धरतं. वाफेच्या भांड्याने गाठ आकसत नाही, मुलं भाजतात मात्र. नाक चटकन मोकळं करणारे थेंब मोठ्यांनाही सलग पाचेक दिवसांच्या वर नकोत, नंतर नाक जास्त चोंदतं. मुलाला मनाने देऊच नका.

आता घर. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी ओल असते की भिंतींना काळे ठिपके आणि कपाटातल्या चामड्याला पांढरी बुरशी न येणारं घर विरळा. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना हेच हवामान मानवतं, आणि नाक सुजलं की गाठीमुळे आधीच अरुंद झालेली वाट आणखी बंद होते. सर्वांत मोठी सुधारणा फुकटची आहे: पावसात निजायच्या खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळवू नका. ते सगळं पाणी हवेत आणि गादीत जातं. पलंग आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. गादीला बंद चेनचा अभ्रा, चादर-उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या गरम पाण्यात. कापसाची जुनी गादी ऑक्टोबरात ऊन पडल्यावर दोन-तीन दिवस चांगली तापवा, आणि ती मुलाच्या खोलीत झोडपू नका. एसी असेल तर पावसाळ्यात ड्राय मोडवर ठेवा आणि त्याची जाळी पंधरवड्याला धुवा, नाहीतर बुरशीच खोलीभर फिरते.

डासांसाठी मच्छरदाणी. बंद खोलीत जळणारी कॉइल या मुलांच्या नाकाला विडी-सिगारेटइतकीच वाईट. चवथीला देवघरातला धूप आणि दाराशी फुटणारे फटाके, दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळतो तो धूर, हे टाळा म्हणणं सोपं, पाळणं कठीण. निदान त्या दिवसांत नाक सलाइनने दोन वेळा धुवा आणि मुलाला मागच्या खोलीत झोपवा. खाणीच्या वाटेवर घर असेल तर रस्त्याकडची खिडकी बंद, मागची उघडी.

दोन उशा देऊन डोकं उंच करू नका. हनुवटी छातीला टेकते आणि वाट अधिक दबते. एक पातळ उशी आणि कुशीवर झोपणं बरं.

ऑपरेशन ठरलं तर

बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो की खाजगी रुग्णालय, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘झोपेत श्वास अडकतो’ हे स्वतःहून सांगा आणि व्हिडिओ दाखवा. भुलेच्या नंतर या मुलांना वेदनाशामक गुंगीची औषधं कमी मात्रेत लागतात. तीन वर्षांखालच्या किंवा तीव्र त्रासाच्या मुलाला ती रात्र देखरेखीखाली ठेवायलाच हवं, त्याच संध्याकाळी घरी आणायची घाई नको. खरचटलं तरी फार वेळ रक्त वाहतं का, घरात कुणाला तसा आजार आहे का, हे आधी सांगायचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्यात हे बसतं का, ते भरती होण्याआधी रुग्णालयाच्या योजनेच्या टेबलावर विचारून घ्या.

नंतरचे दहा दिवस पालकांना सर्वांत जड जातात, आणि बहुतेक घाबरगुंडी न सांगितल्यामुळे होते. घशात पांढरा-पिवळट थर दिसतो: तो पू नाही, जखमेवरची खपली आहे. तोंडाला घाण वास येतो. कान दुखतो: कानात काही नसतं, घशाची कळ तिकडे जाते. आवाज नाकातून येतो, कधी पाणी नाकातून परत येतं. सुजेमुळे पहिला आठवडाभर घोरणंही चालू राहतं. चौथ्या-पाचव्या दिवशी वेदना कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढते, तेव्हाच मुलं पाणी सोडतात.

म्हणून वेदनेचं औषध रडल्यावर नाही, घड्याळ बघून. पॅरासिटामॉल दर किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, दर सहा तासांनी, दिवसातून चारच वेळा. 15 किलोला ते एका वेळी 225 मिलिग्रॅम. इथे एक सापळा आहे: बाजारात 5 मिलिलिटरला 125 आणि 5 मिलिलिटरला 250 अशा दोन ताकदींच्या बाटल्या मिळतात. पहिलीचे 9 मिलिलिटर म्हणजे दुसरीचे साडेचार. फार्मसीतून बाटली बदलून आली की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन जोडलं असेल तर चालतं. ॲस्पिरिन नको. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल या मुलांना देऊ नये: काहींचं शरीर ते वेगाने तीव्र रूपात बदलतं आणि श्वास मंदावतो.

पाणी मिळून दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. घोट-घोट, दर अर्ध्या तासाने. गार पेज, शहाळ्याचं पाणी, ताकाऐवजी दूध, मऊ भात, इडली दुधात कुस्करून. नुसत्या आइस्क्रीमवर ठेवायचे दिवस गेले. चावणं आणि गिळणं चालू राहिलं की घसा लवकर मोकळा होतो. दहा दिवस सोलकढी, कोकम सरबत, कलिंगड नको. आंबट झोंबतं, आणि उलटी झाली तर लाल रंगामुळे रक्त आहे की कोकम हे कळेनासं होतं. दिवसातून तीन वेळाही लघवी झाली नाही तर रुग्णालयात न्या.

रक्तस्राव दोन वेळी होतो: पहिल्या 24 तासांत, आणि खपली सुटताना पाचव्या ते दहाव्या दिवशी. थुंकीत एखादा गुलाबी धागा चालतो. ताजं लाल रक्त चमचाभरही आलं किंवा गुठळी पडली, तर ‘थांबलं वाटतं’ म्हणून घरी बसू नका, निघा. झोपलेलं मूल सारखं सारखं गिळतंय तर टॉर्चने घसा बघा, रक्त पोटात जात असू शकतं. जाताना मुलाला पुढे वाकवून बसवा, तोंडातलं थुंकू द्या, खायला-प्यायला काही देऊ नका. रात्री चोर्ला घाटाकडच्या किंवा सत्तरीतल्या आतल्या गावातून निघावं लागणार असेल, तर हे दहा दिवस म्हापसा-पणजीकडच्या नातेवाइकांकडे काढलेले बरे. बालवाडी दोन आठवड्यांनी.

सहा ते आठ आठवड्यांनी पहिल्यासारखीच नोंद करा: रात्रीतून दोन वेळा, तीन रात्री, तोच कागद. घोरणं उरलं असेल, किंवा आधी एएचआय 10 च्या वर होता, किंवा मूल लठ्ठ आहे, तर झोपतपासणी परत.

मशीन

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन, बहुधा लागणार नाही. ऑपरेशननंतरही त्रास उरला, किंवा ऑपरेशन करता येत नाही, अशांसाठी ते असतं. लागलंच तर दाब तपासणीच्या रात्री ठरवून घ्यायचा, विक्रेत्याने अंदाजाने लावलेला नको. मास्क नाकापुरताच. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क स्वतःच्या हाताने काढता न येणाऱ्या मुलाला उलटी झाली तर धोक्याचा. पहिला आठवडा दिवसा, मशीन न जोडता, खेळताना मास्क लावून दोन मिनिटं. मग नळी जोडून, हवा चालू ठेवून, गोष्ट ऐकताना दहा मिनिटं. मगच झोपेत. रडत असताना पट्टे आवळले की पुढचे दोन महिने हातात मास्क दिसला तरी मूल पळतं.

पट्टे एक बोट आत जाईल इतके सैल. डोळे लाल होत असतील तर वरून हवा गळतेय. नाकाच्या हाडावर लाल खूण सकाळी अर्ध्या तासात गेली नाही तर मास्क बदला, तसंही वाढत्या चेहऱ्यासाठी दर सहा महिन्यांनी माप बघावं लागतं. मास्क रोज साबणाच्या पाण्याने, नळी आठवड्याला. पाण्याच्या डबीत डिस्टिल्ड पाणीच, रोज ओतून डबी कोरडी करायची. आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत ती आतून बुळबुळीत होते. एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो आणि थेंब नाकात जातात. डबीची उष्णता एक आकडा कमी करा आणि नळीवर कापडी खोळ चढवा. वीज जाते तेव्हा मास्कमधून ताजी हवा येत नाही, फक्त श्वास बाहेर सोडायची भोकं उरतात, म्हणून मशीन इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा आणि ते नसेल तर वीज गेल्याबरोबर मास्क काढून मुलाला कुशीवर करा.